लक्तरे दिवाणखान्यात

इटलीतल्या उन्हाळी अभ्यासवर्गाचा आमचा क्रम ठरलेला: सकाळी चित्रे, दुपारी राजकारणाचे पाठ, रात्री चित्रपट. मायकेल-अँजेलो नीट पाहून या, असे घरच्या मंडळींनी बजावले होते. तो पाहिलाच, पण मनात घर केले ते सिएनाच्या जुन्या कचेरीतल्या भिंतींनी. तिथे नऊ कारभारी दोन-दोन महिन्यांच्या पाळीने राज्य चालवीत. त्यांच्याच बैठकीच्या दालनात अंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ साली सुराज्य आणि कुराज्य रंगवले. सुराज्यात गवंडी घर बांधताहेत, शेतकरी बाजाराला माल आणताहेत, एका बाजूला मास्तर वर्ग घेतो आहे. (तो मी दोनदा पाहिला!) कुराज्यात शिंगे असलेला जुलूमशहा, त्याच्या पायाशी जखडलेली न्यायदेवता, आणि गावात धंदा चालू आहे तो फक्त शस्त्रे घडवणाऱ्याचा.

आता रात्रीचे चित्रपट. इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आली. हे प्रजासत्ताक श्रमावर उभे आहे, असे तिचे पहिलेच कलम सांगते. त्याच वर्षी डी सिकाने ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये सायकल चोरीला गेल्याने कामाला मुकणारा बाप दाखवला! पुढे ‘उंबेर्तो डी’ आला; त्यात पेन्शनीत न भागणारा म्हातारा आणि त्याचा कुत्रा. १९५२ साली आंद्रेओत्ती या उपमंत्र्यांनी जाहीर पत्र लिहून दिग्दर्शकाला बोल लावला. घरची लक्तरे वेशीवर टांगलीत, असा एकूण सूर. सिएनाच्या कारभाऱ्यांनी तर ती आपल्या दिवाणखान्यातच टांगून घेतली होती!

१३५५ साली त्या नऊ जणांची सत्ता उलथली. चित्रे राहिली, कुराज्याच्या भिंतीचे पोपडे तेवढे जास्त गेले आहेत.