रोबोटिक बायपासला होकार देण्याआधी
परभणीचा हृदयरोगी मोठ्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद नाहीतर मुंबई गाठतो, आणि मोठ्या शहरांत हल्ली ‘रोबोटिक करायचं का?’ हा प्रश्नही समोर येतो. घाबरू नका, रोबोट आपल्या मनाने काहीच कापत नाही. सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. 1998 मध्ये पॅरिसला अशी पहिली हृदयशस्त्रक्रिया झाली. आता भारतीय बनावटीचा ‘एसएसआय मंत्र’ रोबोटही आहे. खरा फायदा बरगड्यांमधल्या लहान छेदांचा. छातीचं मधलं हाड कापलं तर ते जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर पोतं उचलणं बंद. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला हे फार जड जातं. पण बऱ्याच रक्तवाहिन्या तुंबल्या असतील किंवा फुप्फुसं कमजोर असतील, तर छाती उघडून केलेली शस्त्रक्रियाच बरी ठरू शकते. म्हणून सर्जनना थेट विचारा, अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या? मध्येच छाती उघडावी लागली तर तयारी आहे का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, वरचा खर्च किती, हे आधी लेखी घ्या. आणि छातीत अचानक कळ आली, तर रोबोटचा विचारही नको. 108 ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा.