तिसरी पिन



परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. त्याच्या सोसायटीतल्या हौशी मंडळींनी गाण्याचा ग्रुप काढलाय. वर्गणी काढून मिक्सर, स्पीकर, माइक घेतले आणि आता सगळे त्या घूं... आवाजाने हैराण झालेत. "काका, तुम्ही इतकी वर्षं हे सांभाळताय. इथे एक जण म्हणतो, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, घूं बंद होईल. काढू का?" मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलोच. बिचारा गप्पच झाला. मग म्हटले, थांब, सविस्तर लिहून काढतो. तेव्हा हा लेख त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या घरातले कोणी भजनी मंडळात, वाद्यवृंदात किंवा सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये माइक लावते त्या सगळ्यांसाठी.

२००८ साली निवृत्त झालो आणि आमच्या इथल्या भावगीतांच्या ग्रुपमध्ये शिरलो. पेटी, तबला, सिंथेसायझर, एक गिटार, दोन गाणाऱ्या वहिनी आणि एक निवेदक, एवढाच पसारा. माझा गळा म्हणजे वर्गापुरताच, त्यामुळे माझ्या वाट्याला यंत्रे आली. आठ चॅनलचा मिक्सर, एक ॲम्प्लिफायर, बारा इंची दोन स्पीकर आणि चार माइक. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, ओहमचा नियम शाळेत पाठ करून विसरलेला! पण आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर शेजारीच राहायचे. त्यांनी मला डाग कसा द्यायचा, मल्टिमीटर कसा धरायचा ते शिकवले. हळूहळू गोडी लागली.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. बिघाड बहुतेक वेळा मोठ्या पेटीत नसतो, केबलमध्ये असतो. आवाज गेला की लोक आधी मिक्सरकडे बोट दाखवतात आणि दोष निघतो जॅकच्या आत सुटलेल्या एका डागात. म्हणून माझी पद्धत शिक्षकी आहे. माइकपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी पुढे जायचे. माइक बदलून पाहा, मग केबल, मग मिक्सरचा चॅनल, मग ॲम्प्लिफायर, शेवटी स्पीकर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत तीन गोष्टी बदलल्या आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. उरलेली कामे कंटाळवाणी पण सोपी. केबल कोपरावर करकचून न गुंडाळता सैल वेटोळी करायची, माइकची जाळी उघडून आतला स्पंज धुऊन पूर्ण वाळवायचा, पावसाळ्यात सामान पंधरा दिवसांनी एकदा तरी चालू करायचे.

आणि एक वही ठेवायची. माझी आहे, २०० पानी. कोणती केबल कधी दुरुस्त केली, कोणत्या माइकचे बटण खराब झाले, सगळे तारखेसह. ग्रुपमधले लोक हसायचे, "सर, हजेरीपट घेतला का?" म्हणून. या वहीकडे मी परत येणार आहे.

आता घूं. ही घूं येते कुठून? आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि घूं म्हणजे त्या हेलकाव्यांचाच आवाज. दोन यंत्रे दोन वेगवेगळ्या सॉकेटवर लावली, दोघांना स्वतंत्र अर्थिंग मिळाले आणि शिवाय आवाजाच्या केबलने ती एकमेकांना जोडली, तर अर्थिंगच्या तारांचे एक मोठे वेटोळे तयार होते. त्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह फिरत राहतो आणि मिक्सरला तोही गाण्याचाच भाग वाटतो. स्पीकर बिचारा जे मिळाले ते वाजवतो.

२०११ साली आम्ही गिटारसाठी एक जुना छोटा ॲम्प्लिफायर विकत घेतला. त्याची केबल मिक्सरला जोडली आणि घूं सुरू झाली. कार्यक्रम दोन दिवसांवर. कोणीतरी सांगितले, त्याच्या थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन तोडा. मी पक्कड घेतली आणि तोडली. घूं एका क्षणात बंद! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगू, मलाही स्वतःचा फार अभिमान वाटला.

ही जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, ते उगीच नाही. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. यंत्राच्या आत कुठे वीज गळून पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत जायची वाट या पिनेने मिळते, फ्यूज उडतो किंवा स्विच पडतो आणि माणूस वाचतो. पिन तोडली की ती वाट बंद. मग वीज दुसरी वाट शोधते. गिटारच्या लोखंडी तारा आतून त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर माणसाची बोटे असतात.

पण सहा वर्षे काहीच झाले नाही. का, ते मला फार नंतर कळले. ॲम्प्लिफायरपासून मिक्सरपर्यंत जी केबल जात होती, तिच्या जाळीतून त्या पत्र्याला मिक्सरचे अर्थिंग मिळत होते. म्हणजे एवढीशी, बोटाएवढ्या जाडीची आवाजाची केबल सहा वर्षे एका माणसाचा जीव सांभाळत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

२०१५ पासून गिटारला माझाच एक जुना विद्यार्थी होता. गुणी मुलगा. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तालमीला तो म्हणाला, "सर, गाताना माइकला ओठ लागला की मुंग्या आल्यासारखं होतं." मी म्हणालो, "अरे, ओठ फुटले असतील, तूप लाव!" सगळे हसले, तोही हसला. त्याच सुमारास ती केबल खरखर करू लागली होती. मी वहीत लिहिले, "गिटारची केबल, लूज कॉन्टॅक्ट, बदलणे."

कोजागिरीचा कार्यक्रम एका इमारतीच्या गच्चीवर होता. केबल बदलायची राहिली होती. ऐन कार्यक्रमात खरखर नको म्हणून मी शहाणपणा केला. ती केबलच काढून टाकली आणि ॲम्प्लिफायरसमोर एक माइक ठेवला. आवाज स्वच्छ आला. दुसऱ्याच गाण्यात त्या मुलाने कोरससाठी तोंड माइकजवळ नेले. डाव्या हाताची बोटे तारांवर, ओठ माइकच्या जाळीवर. तो ओरडला नाही. ओरडताच येत नव्हते. ताठ झाला आणि तसाच उभा राहिला. माझी नजर मिक्सरवर. मला आधी वाटले, गिटार थांबली का? मांडवाचा लाईटवाला मागे मेन स्विचजवळ बसला होता. त्याने पाहिले आणि स्विच खाली ओढला. अंधार झाला आणि मुलगा कोसळला.

वाचला. एक रात्र दवाखान्यात ठेवले, हृदयाचा आलेख नीट आला. ओठ भाजला होता आणि डाव्या हाताच्या बोटांवर गिटारच्या तारांच्या रेषा उमटल्या होत्या. त्याची आई रात्रभर बाकावर बसून होती. मी शेजारी. त्या माऊलीने मलाच धीर दिला, "सर, तुम्ही नका त्रास करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे एकमत झाले की गच्चीवरचे वायरिंग खराब होते. म्हणजे दोष लाईटवाल्याचा. मी तोपर्यंत ॲम्प्लिफायर उघडून पाहिला होता. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्शुलेशन जळून पत्र्यावर वीज येत होती. पुढे तुटलेली पिन होती आणि मागे मी काढलेली केबल. मला सगळे कळले होते. आणि मी गप्प बसलो. रात्री गुपचूप नवा टॉप बसवला. वही उघडली. २०११ चे पान काढले. तिथे "गिटार ॲम्प, घूं, बंद केली" एवढेच होते. पिन तोडल्याची नोंदच नव्हती. ती असती, तर विज्ञानाच्या सरांनी, जे अधूनमधून वही चाळत, पहिल्याच आठवड्यात माझा कान धरला असता.

पुढच्या गणपतीत आमच्या गल्लीने त्या लाईटवाल्याला काम दिले नाही. तेव्हा मला झोप लागेना. सौ. म्हणाली, "आता पुरे, जाऊन सांगा." आधी त्या मुलाच्या घरी गेलो, मग ग्रुपच्या बैठकीत उभा राहून सांगितले आणि मग लाईटवाल्याकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "सर, मी त्याच रात्री प्लग बघितला होता." मी विचारले, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही मास्तर. माझं कोण ऐकलं असतं?"

याला काय उत्तर देणार? चहा प्यालो आणि घरी आलो. मुलगा आजही वाजवतो. गल्लीचे काम लाईटवाल्याला परत मिळाले, पण ते एक वर्ष त्याचे गेले ते गेलेच.

हे फक्त आमच्याच गावात घडते असे समजू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर मंचावर अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून गेला. पन्नास वर्षे उलटली आणि पक्कड अजून तशीच हातात आहे.

माझे मत एवढेच आहे. घूं ही तक्रार आहे. जोडणीत काही चुकले आहे हे ती सांगत असते. आपल्याला तक्रार ऐकायची नसते, ती बंद करायची असते. मी अनेक वर्षे वर्गावर छडी आपटली आहे. वर्ग चटकन शांत व्हायचा. पण शांत झालेला वर्ग शिकलाच असे नव्हते, ते मला उशिरा उमगले. आवाज बंद करणे आणि दोष काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले चुटकीसरशी होते आणि टाळ्याही त्यालाच मिळतात.

तर पुतण्या, आता तुझ्या घूंविषयी.

सगळे सामान एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या थ्री-पिन बोर्डवर लाव. अर्थिंगची वेटोळी बहुतेक तिथेच संपतात. आधी सगळ्यांचे वॅट मोज. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅटची सोय असते. तेवढ्यात बसत नसेल तर १६ अँपिअरचे सॉकेट शोध. विजेच्या वायरी आणि आवाजाच्या केबल शेजारी शेजारी पसरू नकोस. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांड.

माइकला तीन टोकांची, म्हणजे एक्सएलआरची केबल वापर. तिच्यात आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, पण बाहेरून शिरलेली घूं दोन्हींत सारखीच असते. मिक्सर फक्त दोघींतला फरक घेतो. दोन मुलांच्या पेपरात तीच चूक दिसली की आम्ही मास्तर दोन्हीकडे काट मारायचो ना, तसेच! गिटार आणि सिंथेसायझरसाठी डीआय बॉक्स मिळतो. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचे बटण असते. ते आवाजाच्या केबलमधली जोडणी सोडवते, विजेच्या प्लगला हात लावत नाही. २०११ साली मला नेमकी हीच वस्तू हवी होती, पण मी विचारलेच नाही.

आणि आरसीसीबी बसवलेला बोर्ड घे. साध्या एमसीबीने वायर वाचते, माणूस वाचेलच असे नाही. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा घेतलास, तर वीज वाट चुकली की तो क्षणात तोडतो. त्याच्यावरचे टेस्टचे बटण प्रत्येक कार्यक्रमाआधी दाबून बघायचे. हॉलच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचे. तिसरे भोक आहे म्हणून त्याच्यामागे तार असतेच असे नाही. कोणी म्हणाले, "मुंग्या येतात," तर हसायचे नाही. ताबडतोब मेन बंद करायचा. पाच मिनिटे कार्यक्रम थांबला तर श्रोते चिवडा खातील, काही बिघडत नाही.

वही ठेव. तिच्यात केलेल्या दुरुस्त्यांबरोबर केलेले उद्योगही लिही.

आमच्या ग्रुपची वही आता तो गिटारवाला मुलगाच लिहितो. पहिल्या पानावर मी तुटलेल्या पिनेचा जुना टॉप चिकटपट्टीने चिकटवून ठेवला आहे. त्यामुळे वही नीट मिटत नाही. मिटू नयेच.

असो. आज संध्याकाळी तुमच्या मंडळाच्या सामानाचे प्लग एकदा उलटेसुलटे करून पाहा. कुठे दोनच पिना दिसल्या आणि तिसरीच्या जागी तुटल्याची खूण दिसली, तर कोणी तोडली ते विचारत बसू नका. आधी नवा टॉप बसवा. विचारायचे ते नंतर विचारा, आणि पहिला प्रश्न स्वतःला.