मालवणच्या अभयारण्याचा हिशेब द्या, मुदत 31 जुलै

वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग, दोघांनाही हा जाहीर इशारा आहे. 31 जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते. त्याच्या आत मालवण सागरी अभयारण्याचा हिशेब लोकांपुढे ठेवा. गस्तीला बोटी किती, माणसं किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती, गेल्या पाच वर्षांत पकडलेले ट्रॉलर आणि पर्ससीन किती, वसूल झालेला दंड किती. गाभा क्षेत्राच्या हद्दीवर बोया आहेत की नाहीत, तेही सांगा. पाहणी चालू आहे, प्रस्ताव विचाराधीन आहे, असली उत्तरं आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही.

धाराशिवच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. तर ऐका. समुद्र सिंधुदुर्गाच्या मालकीचा नाही, राज्याचा आहे, आणि त्याच्या रक्षणाचा पैसा आमच्याही करातून जातो. शिवाय छोट्या अभयारण्याचं काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमचं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. एवढ्याशा जागेत तो मावला नाही. बार्शीच्या शिवारापर्यंत गेला, लोकांची जनावरं मारली गेली आणि वन विभागाची पथकं त्याच्या मागे फिरत राहिली. नकाशावर हिरवी रेघ ओढली म्हणून शिकारी प्राण्याची सोय होत नाही, हे आम्ही दारात पाहिलंय.

मालवणची रेघ 1987 ची आहे. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातलं गाभा क्षेत्र फक्त 3.18. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं हे पाणी. खाली प्रवाळ, वर पर्यटकांच्या होड्या, शेजारी बंदर. समुद्रातला वाघ म्हणजे शार्क. त्याच्या बाबतीत जगात काय दिसलं ते पाहा. 2014 साली ‘नेचर’ नियतकालिकात 87 सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास आला. क्षेत्र कामाचं ठरायला पाच गोष्टी लागतात, असं त्यात निघालं. मासेमारीला पूर्ण मनाई, कडक अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, शंभर चौरस किलोमीटरहून मोठा पसारा आणि खोल पाण्याने किंवा वाळूने तुटलेली जागा. यातल्या चार-पाच गोष्टी जिथे होत्या, तिथे शार्कचं एकूण वजन मासेमारी चालणाऱ्या पाण्याच्या चौदापट भरलं. पण 87 पैकी 59 टक्के क्षेत्रांत यातल्या एक-दोनच गोष्टी होत्या आणि ती उघड्या समुद्रापेक्षा वेगळी ओळखूच आली नाहीत.

या मापाने मालवण मोजा. वय आहे. पसारा नाही, एकांत नाही, आणि तो आता कुणी आणूनही देऊ शकत नाही. उरल्या दोन गोष्टी, मनाई आणि अंमलबजावणी. या दोन्ही फक्त तुमच्या हातात आहेत, म्हणूनच हिशेब त्यांचाच मागतोय.

प्रवाळावरचा शार्क काही दर्याभर भटकणारा प्राणी नाही. लक्षद्वीप-अंदमानातले ग्रे रीफ, ब्लॅकटिप रीफ, व्हाइटटिप रीफ या जातींचे शार्क बहुतेक वेळ ठरावीक खडकाच्या आसपासच राहतात. म्हणून तर त्यांना राखीव पाण्याचा फायदा मिळतो. पण याच सवयीमुळे एका खडकावर काही वर्षं जाळी पडली, की तिथले शार्क संपतात आणि दुसरीकडून भरती होत नाही. ग्रे रीफची मादी वयात यायला कितीतरी वर्षं घेते, साधारण वर्षभर पिल्लं पोटात वाढवते आणि एका वेळी देते ती जास्तीत जास्त सहा. बांगड्यासारख्या माशाचा हिशेब इथे चालत नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 58 देशांतले 371 प्रवाळखडक कॅमेऱ्याने तपासले. जवळपास पाचातल्या एका खडकावर एकही शार्क दिसला नाही.

उलटही घडतं. ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅशमोर रीफ कागदावर 1983 पासून राखीव होता, कडक पहारा बसला 2008 मध्ये. 2004 ची आणि 2016 ची मोजणी शेजारी ठेवली, तर शार्क दुपटीहून जास्त. कागद तोच होता, फरक पहाऱ्याने पडला.

पारंपरिक मच्छीमारांवर कुणी घसरू नये. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा आणि छोटं गिलनेट टाकणारा माणूस या प्रकरणात फिर्यादी आहे. 1987 पासून अभयारण्याला त्याचा विरोध झाला, कारण त्याला विश्वासात घेतलंच नाही. राज्याच्या पाण्यात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेची काळजी घ्या, असं वन्यजीव संरक्षण कायदाच सांगतो. लाईट लावून होणाऱ्या मासेमारीवर 2017 पासून देशभर बंदी आहे. ती मोडणाऱ्यांचे दिवे किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यालाही दिसतात, मग गस्तीला का दिसू नयेत?

आंग्रिया बँकेबद्दलही एक शब्द. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं हे बुडालेलं प्रवाळपठार विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. राज्याचा अधिकार बारा सागरी मैलांपर्यंत, त्यामुळे तिथला निर्णय केंद्राचा. त्याला संरक्षण मिळायलाच हवं. पण मालवणचे तीन चौरस किलोमीटर ज्यांना राखता येत नाहीत, त्यांनी आंग्रियाच्या घोषणेचे फोटो काढून घेऊ नयेत.

आमच्याच जिल्ह्यातल्या पर्यटकांनाही बजावतो. दिवाळीत गाड्या भरून तारकर्लीला जाता, तेव्हा प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडा उचलायचा नाही. होडीवाला प्रवाळावर नांगर टाकत असेल तर तिथेच अडवा. हॉटेलात वीतभर पिल्लांची मोरी, म्हणजे शार्कच, पुढे आली, तर ताट परत करा. खाणारा थांबला नाही, तर विकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

31 जुलैपर्यंत उत्तर आलं नाही, तर 1 ऑगस्टला दोन्ही विभागांकडे माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या चारही आमदारांना विधानसभेत विचारायच्या प्रश्नांचा मसुदा दिला जाईल, आणि प्रश्न कोणी मांडला, कोणी मांडला नाही, हे निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवलं जाईल. कायद्याने माहिती द्यायची मुदत तीस दिवसांची आहे. ती टळली किंवा आकडे अर्धवट आले, तर उच्च न्यायालयात जनहित याचिका. गस्तीची नोंदवही मग तिथे दाखवावी लागेल.