तुटलेल्या नसेला पूल मिळेल, पण वेळ कोण देणार?

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. दारूकाम म्हणजे हातांचे काम. अपघात झाला की हातांना इजा ठरलेलीच. आसपासच्या शिवारात तीच इजा कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा कोयत्याने होते. घरच्यांचे लक्ष रक्ताकडे आणि टाक्यांकडे असते. जखम भरते, टाके निघतात आणि महिन्याभराने लक्षात येते, की करंगळीला चटका कळत नाही, सदऱ्याचे बटण लागत नाही. नस तुटलेली असते. ही नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूंना हुकूम पोहोचवणारा आणि स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणारा मज्जातंतूंचा जुडगा.

हातापायांतील मज्जातंतू पुन्हा वाढू शकतात. तुटल्यावर पुढचा भाग झडतो; मागच्या टोकातून नवे धागे निघतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतात. दोन्ही टोके ताण न देता जुळत असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती शिवणे हाच उत्तम उपाय. मध्ये मोठी फट असेल, तर रुग्णाच्याच पोटरीतील एक संवेदी नस काढून तेथे जोडतात. हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि पावलाची बाहेरची कडा बधिर होते.

फट लहान, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर नळीचा पर्याय आहे. पूर्वी सिलिकॉनच्या नळ्या वापरत. त्या विरघळत नसल्याने पुढे नसेवर दाब येई आणि काही वेळा त्या काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. म्हणून संशोधक नैसर्गिक बहुवारिकांकडे, म्हणजे सजीवांनीच घडवलेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थांकडे वळले. गुरांच्या स्नायुबंधांतील कोलॅजेनपासून केलेल्या नळीला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांतील कायटिनवर प्रक्रिया करून कायटोसन मिळते. त्याच्या नळ्या युरोपात वापरात आल्या आहेत. रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनावरही जगभर काम सुरू आहे. अशी नळी भोवतालचा व्रण आत शिरू देत नाही, आतल्या पेशींना आधार देते, नव्या धाग्यांना दिशा दाखवते आणि काम संपले की शरीरात हळूहळू विरून जाते.

यांतला कच्चा माल महाराष्ट्राला परका नाही. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. कोकण किनाऱ्यावर कोळंबीची टरफले कचऱ्यात जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनपासून वैद्यकीय साहित्य बनवण्याचे संशोधन झाले आहे. बाहेरून येणाऱ्या महागड्या नळ्या सरकारी रुग्णालयातील रुग्णाला परवडत नाहीत. तेव्हा देशी नळी बनवावी, तिच्या रीतसर चाचण्या व्हाव्यात आणि ती शासकीय योजनेतून मिळावी, ही मागणी रास्तच आहे.

मात्र नळी म्हणजे जादू नव्हे. स्फोटाच्या जखमेत नस बरीच लांबवर चेचली जाते आणि फट तीन सेंटिमीटरवर थांबत नाही. तेथे आजही पोटरीची नसच लागते. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. कोपरापाशी नस तुटली, तर तळहातापर्यंतचे सुमारे तीस सेंटिमीटर अंतर कापायला नव्या धाग्यांना दहा महिने लागतात. तिकडे नसेविना पडलेला स्नायू सुकत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर धागे पोहोचले तरी तो हालत नाही. दुरुस्तीला सहा महिने उशीर झाला, तर रेशमाची नळी असो की कोलॅजेनची, मुठीतली ताकद परत येणे अवघड.

म्हणून पहिली सुधारणा प्रयोगशाळेत नव्हे, तालुक्याच्या रुग्णालयात हवी. हाताची जखम शिवण्यापूर्वी आणि भूल देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या: करंगळीच्या टोकाला स्पर्श कळतो का, तर्जनीच्या टोकाला कळतो का आणि मनगट व अंगठा वर उचलता येतात का. याला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि कोणतेही यंत्र लागत नाही. उत्तर कागदावर लिहायचे. शंका आली, तर जखम स्वच्छ करून रुग्णाला काही दिवसांतच सोलापूर किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे. कारखानदारांनी आणि मुकादमांनीही 'टाके पडले, आता कामाला ये' एवढ्यावर प्रकरण मिटवू नये.

हातावर पोट असणाऱ्याचा हातच बधिर झाला, तर घर बसते. देशी नळी यायला काही वर्षे लागतील. करंगळीला स्पर्श कळतो का, हे विचारायला मात्र आजपासूनच सुरुवात करता येईल.