तराजू आणि श्रद्धा

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी दोन तत्त्वार्थसूत्राने थेट दुकानात आणून ठेवले आहेत : खोटे माप आणि बनावट माल. घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या पेढीवर बसणाऱ्या श्रावकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र चहा-मसाल्यांच्या पाकिटावर ‘बायोडायनॅमिक’ हा शब्द आला, की त्याचे वजन कोणत्या मापाने करावे?

ही शेतीपद्धत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरवित्झ येथील व्याख्यानांत मांडली. शेत हा एक सजीव देह आहे आणि त्यावर चंद्र-ग्रहांचाही प्रभाव असतो, ही तिची धारणा. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. मग त्यातील थोडेसे खत पाण्यात तासभर घुसळून शेतावर शिंपडतात. पृथ्वीकायात जीव मानणाऱ्या जैन मनाला ही दृष्टी जवळची वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु जवळीक म्हणजे प्रमाण नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळील थेरविल येथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय व रासायनिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. तिचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन पद्धतींत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी आले. पण कीटकनाशकांचा वापरही ९७ टक्क्यांनी घटला, आणि द्वींद्रिय गांडुळे १.३ ते ३.२ पट आढळली. हा लाभ साध्या सेंद्रिय शेतीतही दिसला. म्हणून त्याचे श्रेय एकट्या शिंगाला देता येत नाही.

दुसरी बाब अधिक जिव्हारी लागणारी आहे. या पद्धतीच्या अन्य मिश्रणांसाठी वनस्पती हरणाच्या मूत्राशयात, गाईच्या आतड्यात किंवा जनावराच्या कवटीत भरून ठेवतात. ते जनावर कसे मेले, हे पाकिटावर लिहिलेले नसते. शुद्ध आहाराच्या शोधात निघालेल्या अहिंसक घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग संशोधनात अध्यात्माचे स्थान कोणते? मातीतील गांडूळ मोजावेसे वाटणे, ही करुणा. आणि घटलेले उत्पन्न न लपविणे, हे सत्यव्रत. संशोधनाच्या आधी आणि नंतर अध्यात्म असे उपयोगी पडते. मोजमाप चालू असताना मात्र श्रद्धेने पारड्याला बोट लावू नये. दुकानातील तराजूला जो नियम, तोच प्रयोगशाळेतील तराजूला.