खडे चाळले आणि मुरूम पास झाला

मंडळी, आपल्या पुलाच्या जोडरस्त्याची भिंत फुगलीय, हे येता-जाता सगळ्यांनाच दिसतंय. मी माहिती अधिकारात भरावाच्या चाचणीचा अहवाल मागवला. आकडे सगळे उत्तम! पण नजर अडकली एका ओळीवर: नमुना ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळलेला, पेटी ६० मिमी.

भरावात पडलेला मुरूम आपण पाहिलाय. त्यात सुपारीएवढे खडे होते. म्हणजे तपासलं एक, टाकलं दुसरंच.

चाचणी तशी सोपी. दोन भागांची चौकोनी धातूची पेटी. आत माती दाबायची, वरून वजन द्यायचं आणि एक भाग बाजूला सरकवायचा. किती जोर लागला त्यावरून घर्षणाचा कोन काढतात, आणि भिंतीचं डिझाइन त्या कोनावर उभं राहतं. आता गंमत बघा. या छोट्या पेटीत नमुन्याची जाडी साधारण २५ मिमी. ४.७५ मिमीचे दाणे एकावर एक जेमतेम पाच बसतात. अमेरिकेचं एएसटीएम डी ३०८० मानक म्हणतं, जाडी सगळ्यात मोठ्या दाण्याच्या किमान सहापट हवी आणि रुंदी दहापट. कारण दाणेदार माती एका रेषेवर सरकत नाही, कित्येक दाण्यांच्या जाडीचा पट्टा हलतो. त्याला जागा नसली की दाणे अडकतात आणि माती आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते. सेराटो आणि लुटेनेगर यांनी २००६ साली हे वाळूवर दाखवलं: ६० मिमीच्या पेटीपेक्षा ३०० मिमीच्या पेटीत कोन कमी भरला, घट्ट दाबलेल्या वाळूत जास्तच. समजा ३८ अंशाचा ३४ झाला, तर पकड जवळपास १४ टक्क्यांनी घटते. हिशेब माझा आहे, कॅल्क्युलेटरवर करून बघा.

खडे असलेल्या मातीसाठी आपलं मानक आहेच की! आयएस २७२०, भाग ३९, पेटी ३०० मिमीची. आता कुणी म्हणेल, खड्यांनी पकड वाढतेच. कडक खडे असतील तर वाढेलही. मऊ मुरूम दाबाखाली चुरडतो, त्याचं काय?

साहेबांना विचारलं. म्हणाले, "मोठी पेटी जिल्ह्यात नाही हो." मग बाहेर पाठवा ना!

सोमवारी अर्ज देतोय: भराव खोदून न चाळलेला नमुना घ्या, मोठ्या पेटीत तपासा. सह्यांचा कागद चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय.