दोरीला बांधलेलं पेन

आमच्या बँकेत काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं असतं. त्यावरून लोक आम्हांला हसतात. हसोत बापडे! पेन बँकेचं, दोरीही बँकेची. पण तेच पेन रोख पैसे घेऊन तुम्हांला विकलं आणि दोरीचं टोक मात्र आम्हीच धरून बसलो तर? व्हिडिओ गेमवाले नेमकं हेच करतात.

हे ज्ञान मला चिरंजीवांमुळे झालं. मार्क बरे पडले म्हणून त्यांना एक गेम घेऊन दिला. पावतीसकट. (पावतीशिवाय मी मीठसुद्धा घेत नाही.) रविवारी सुरू करायला जावं, तर गेम म्हणतो, 'इंटरनेट जोडा. तुम्ही खरे गिऱ्हाईक आहात का, ते बघायचंय!' इंटरनेट शनिवारपासून बंद. इतकी वर्षं दर नोव्हेंबरात मी पेन्शनरांकडून हयातीचा दाखला मागत आलो. त्या सगळ्या म्हाताऱ्यांचे तळतळाट त्या दिवशी एकदम भोवले असावेत. समोरच्या ब्लॉकमधल्या पोराने तोच गेम कुठूनसा फुकट उतरवला होता. तो खुशाल खेळत होता. कुलूप आधीच कुणीतरी काढलेलं. त्याला विचारणार कोण?

चोरी होते, कबूल. पण मग चोराला धरा की! २००८ सालची गंमत ऐका. 'रेनबो सिक्स वेगास २' हा गेम काहींनी तबकडी न घेता, रीतसर पैसे भरून उतरवून घेतला होता. कंपनीने त्यात दुरुस्ती धाडली, आणि दुरुस्त झालेला गेम तबकडी मागू लागला! बोंब झाल्यावर युबिसॉफ्ट कंपनीने एक तोडगा दिला. लोकांनी तो उघडून पाहिला, तर ती कुलूपतोड्या टोळीचीच फाइल. म्हणजे फौजदारानेच चोराकडून किल्ली उसनी आणली!

२०१३ च्या 'सिमसिटी'त तर एकट्याने शहर वसवायलाही कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागे. पहिल्याच आठवड्यात सर्व्हरने मान टाकली. पैसे भरलेले नगराध्यक्ष वेशीबाहेर ताटकळत उभे. आणि जुन्या तबकड्यांवरच्या 'सेफडिस्क' कुलपाला २०१५ साली विंडोज १० ने, घरात धोका नको म्हणून, दारातच अडवलं. कुलूप धोक्याचं ठरलं, आणि आत अडकला तो गिऱ्हाइकाचा माल!

विक्री म्हणजे मालकी गिऱ्हाइकाकडे जाणं, असं आम्ही बी.कॉम.ला घोकलं होतं. कंपन्या म्हणतात, तुम्ही गेम घेतलाच नाही, नुसता परवाना घेतलात. मग जाहिरातीत 'विकत घ्या' कशाला लिहिता हो?

चिरंजीव सध्या समोरच्या ब्लॉकमध्ये खेळायला जातात. पावती माझ्यापाशी आहे.